कातळाखालचे भय : एक प्रस्तावना

जुन्नरच्या दक्षिणेला मानमोडीचा डोंगर आहे आणि त्याच्या कड्यात भीमाशंकर, अंबा-अंबिका व भूतलिंग असे लेण्यांचे तीन समूह कोरलेले आहेत. तिसऱ्याचे नाव ऐकताच भयकथा लिहिणाऱ्याचे हात शिवशिवावेत. निर्मनुष्य कडा, काळोखी दालने, छताला लटकलेली वटवाघळे, कमानीत आग्या मोहोळ आणि वर हे असे नाव. कथेची निम्मी तयारी डोंगरानेच करून ठेवलेली. प्रत्यक्षात त्या समूहातल्या चैत्यगृहाच्या दर्शनी कमानीत गजलक्ष्मी कोरलेली आहे आणि हा दर्शनी भाग चंद नावाच्या एका यवनाने, म्हणजे त्या काळच्या भाषेत ग्रीक किंवा पश्चिमेकडच्या परक्याने, दान दिल्याची नोंद तिथेच ब्राह्मी अक्षरांत आहे. शेजारच्या भीमाशंकर समूहात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने, ‘वर्ष ४६’ अशा नोंदीसह, मंडप आणि पाण्याची पोढी, म्हणजे टाके, करवून दिल्याचा लेख आहे. इरिल नावाच्या आणखी एका यवनाने दोन पोढ्या दिल्या, चिट नावाच्या तिसऱ्याने भिक्षुसंघासाठी भोजनमंडप दिला. जुन्नरच्या आसपासच्या दोनशेहून अधिक लेण्यांत असे लेख जागोजागी आढळतात. डोंगराच्या पोटात काय दडले आहे, या प्रश्नाचे उत्तर इथे निदान काही ठिकाणी तरी हिशेबाच्या भाषेत मिळते.

या प्रस्तावनेचा विषय दुहेरी आहे: भयकथेने कल्पिलेला भूगर्भ आणि शास्त्राने तपासलेला भूगर्भ. दोघांची गाठ एकाच भूमीवर घालून पाहायची तर जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांइतकी सोयीची जागा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. माणसाने कोरलेल्या पोकळ्या इथे आहेत. कुकडीच्या काठी हजारो किलोमीटरवरून आलेली ज्वालामुखीची राख आहे. डोंगराखाली गाडले गेलेले माळीण इथे आहे. आणि पाण्यासाठी जमिनीला पाडलेल्या अगणित छिद्रांची रोज नव्याने घडणारी गोष्टही इथलीच. (गंमत अशी की जगभरच्या शास्त्रज्ञांना जुन्नर तालुका ठाऊक आहे तो वर पाहण्यासाठी; खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत.) माझे म्हणणे थोडक्यात असे. मराठी भयकथेने जमिनीखालचे भय बहुतेक वेळा पोकळीत शोधले, आणि ती पोकळी परक्या खडकातून उसनी आणली. दख्खनच्या कातळात भय पोकळीपेक्षा सांध्यात राहते, दोन थर जिथे एकमेकांना टेकतात तिथे. भूशास्त्र ते भय घालवत नाही. ते त्याचा पत्ता सांगते, आणि पत्ता कळल्यावर भय कमी होत नाही.

पोकळीची परंपरा मोठी आहे, मानाचीही आहे. ज्यूल व्हर्नने १८६४ मध्ये एका प्राध्यापकाला आणि त्याच्या पुतण्याला आइसलँडमधल्या विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखातून खाली उतरवले आणि तिथे त्यांना चक्क समुद्र दाखवला. लव्हक्राफ्टच्या ‘द रॅट्स इन द वॉल्स’ या १९२४ च्या कथेत जुन्या गढीच्या तळघराखाली आणखी एक तळघर निघते, आणि त्याहीखाली माणसाने पाहू नये ते. त्याच लेखकाची १९३६ मध्ये छापलेली अंटार्क्टिकावरची दीर्घकथा सांगणारा तर भूशास्त्रज्ञच आहे. तो आणि त्याचे सहकारी खडकाचे नमुने काढण्यासाठी छिद्रण यंत्र घेऊन निघालेले असतात. २००५ च्या ‘द डिसेंट’ या चित्रपटात सहा बायका गुहेत उतरतात. या सगळ्यांच्या मागे एक विशिष्ट भूगोल उभा आहे. युरोप-अमेरिकेच्या मोठ्या भागात चुनखडक आहे. पावसाचे किंचित आम्लधर्मी पाणी तो लाखो वर्षे विरघळवत राहते आणि खाली मैलोन्‌मैल दालने तयार होतात. आपल्याकडे मेघालयात तेच घडले आहे. तिथली क्रेम लियाट प्राह ही गुहा तीस किलोमीटरहून लांब आहे. युरोप-अमेरिकेतल्या लोकांच्या गावाखाली खरोखरच पोकळी असते, चर्चखाली दफनाचे तळघर असते, डोंगराखाली कोळशाची खाण असते. त्यांची भीती त्यांच्या जमिनीतून उगवली आहे. आपल्या कथांतली भुयारे आणि तळघरे मात्र बरीचशी वाचनालयातून आली. एक अपवाद मला मानावा लागतो, तो धान्याच्या पेवाचा. बंद पेवात धान्याच्या श्वसनाने प्राणवायू संपतो, कर्बवायू साठतो, आणि तोंड उघडल्याबरोबर आत उतरणारा माणूस आवाजही न करता कोसळतो. त्याला काढायला गेलेला दुसराही कोसळतो. पेवातल्या भुताच्या गोष्टींना असा खरा आधार होता. पण पेवही माणसानेच खणलेले.

पोकळीची ही ओढ किती चिवट आहे ते रशियातल्या कोला द्वीपकल्पावरच्या छिद्रणाने दाखवले. १९७० मध्ये सुरू झालेले ते काम १९८९ पर्यंत १२,२६२ मीटर खोलीवर पोहोचले. खाली तापमान सुमारे १८० अंश सेल्सियस निघाले, अपेक्षेपेक्षा खूपच जास्त, आणि खडक इतका मऊ वागू लागला की पुढे जाणे अवघड झाले. त्याच सुमारास जगभर एक अफवा पसरली: रशियन शास्त्रज्ञांनी खोल छिद्रात ध्वनिग्राहक सोडला आणि त्यांना नरकातल्या किंकाळ्या ऐकू आल्या. खरे छिद्र जेमतेम वीतभर रुंद होते. त्याच्या तळाशी नरक मावण्याइतकी जागा लोकांनी मनाने खणली. खरे आश्चर्य निराळेच होते आणि त्याची कुणी अफवा केली नाही: जिथे खडक कोरडा ठणठणीत असेल असे वाटले होते तिथे तो तडकलेला निघाला आणि त्या तड्यांत पाणी होते.

आता आपल्या कातळाकडे येऊ. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला. मग त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणाऱ्या आडव्या पायऱ्या हे त्या थरांचेच काठ. प्रत्येक थराची घडण साधारण ठरलेली आहे. मधला भाग घट्ट काळा पाषाण. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी छिद्राळ झालेला आणि पुढे त्या छिद्रांत पांढरी, हिरवट खनिजे भरून आलेला, ज्याला विहिरी खणणारे मांजऱ्या खडक म्हणतात. आणि दोन थरांच्या मध्ये पुष्कळदा गेरूसारख्या तांबड्या मातीचा पट्टा. हा खडक पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे चुनखडकासारखी दालने त्यात आपोआप होत नाहीत. जुन्नरच्या डोंगरात पोकळी हवी असेल तर ती छिन्नीने एकेक कपचा उडवूनच मिळवावी लागते, आणि कोणालातरी तिचा खर्च द्यावा लागतो. लेण्याद्रीचे सातवे लेणे, ज्यात आज गिरिजात्मज गणपती आहे, ते पन्नास फुटांहून रुंद असूनही त्याच्या दालनात एकही खांब नाही. एवढे छत आधाराशिवाय शतकानुशतके टिकले, कारण ते घट्ट थरात कोरले गेले. तुळजा लेण्यातले गोल चैत्यगृह बारा खांबांच्या वर्तुळावर घुमट पेलते, तेही थराचा अंदाज अचूक असल्याखेरीज जमणारे नव्हे. अशा जागी काळोख आहे, गूढ मात्र फारसे नाही. गूढ असलेच तर ते छताच्या त्या रेषेत आहे जिथून पावसाळ्यात पाणी झिरपते. ती रेषा म्हणजे वरच्या थराचा सांधा. तोच झिरपा पकडून टाकी भरता येतात आणि तोच झिरपा खांब कुजवतो. इरिलाच्या पोढ्या आणि लेण्यांची पडझड ही एकाच पाण्याची दोन कामे आहेत.

इथे भुयारांचा विषय टाळता येणार नाही. महाराष्ट्रात असा किल्ला विरळा ज्याच्या पोटातून शेजारच्या गडापर्यंत, देवळापर्यंत किंवा नदीपर्यंत भुयार गेल्याचे सांगितले जात नाही. घोडेस्वार त्यातून दौडत जाई, हे बहुधा पुढचे वाक्य. या कथांना हसण्यापेक्षा त्यांना तीन प्रश्न विचारावेत. काही कोस लांबीच्या भुयारातून निघालेला दगडाचा ढीग कुठे टाकला? काम करणाऱ्यांना आणि दिव्यांना हवा कुठून मिळाली? आणि वाटेत थरांचे सांधे लागले तेव्हा आत येणारे पाणी कोणी उपसले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर जमिनीवर दिसायला हवे, आणि ते दिसत नाही. यावर एक आक्षेप योग्य आहे. लाव्हाचा प्रवाह वरून थिजतो, आतला रस पुढे वाहून जातो आणि मागे नळी उरते. जगात अशा लाव्हानळ्या आहेत आणि दख्खनमध्येही त्यांचे अवशेष असल्याचे काही भूशास्त्रज्ञांनी मांडले आहे. मग भुयारांच्या दंतकथांमागे त्या नसतील कशावरून? माझे उत्तर असे की दख्खनमध्ये अशा ज्या रचना दाखवल्या गेल्या त्यातल्या बऱ्याच नंतरच्या लाव्हाने भरून गेलेल्या आहेत, आणि किल्ल्याच्या दाराशी सुरू होऊन देवळाच्या गाभाऱ्यात उघडण्याची शिस्त निसर्गाला नसते. भुयाराची कथा खडकातून येत नाही, वेढ्याच्या भीतीतून येते. गडावर अडकलेल्या माणसाला सुटकेची वाट हवी असते. ती नसेल तर ती सांगितली जाते. शिवनेरीवर गंगा-जमुना टाकी आहेत, ती मात्र खरी. वेढ्यात ज्यावर जीव टिकायचा ते पाणी होते.

पाण्याचा विचार सुरू केला की सांध्याचे भय रोजच्या जगण्यात उतरते. बेसॉल्टमध्ये पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या मुरमात, मांजऱ्या खडकात, भेगांत आणि थरांच्या सांध्यांत. घट्ट पाषाणात ते जवळजवळ नसते. म्हणून एकाच शिवारात एका शेतकऱ्याची बोअर दोन इंची पाणी देते आणि बांधापलीकडच्याची कोरडी जाते. ही तफावत समजावून सांगायला कोणीतरी लागते आणि गावोगाव तो माणूस असतो: पाणाडी. तळहातावर आडवा ठेवलेला नारळ उभा राहिला, किंवा हातातली बेचकी वळली, की इथे पाणी. त्याच जमिनीवर भूजल सर्वेक्षणाची माणसे चार सळया ठोकतात, विजेचा प्रवाह सोडतात आणि खडक त्याला किती विरोध करतो ते मोजतात. ओला थर विरोध कमी करतो. दोघेही न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल वरच्या खुणांवरून बोलतात. फरक कशात आहे? यंत्र जादूचे नाही. मोजमापाचा एकच आलेख दोन वेगवेगळ्या थररचनांना जुळू शकतो, हे ते वापरणारे स्वतःच सांगतात. फरक चुकण्याच्या हिशेबात आहे. पाणाड्याच्या लागलेल्या विहिरी गाव सांगत राहते आणि कोरड्या गेलेल्या विसरते. सर्वेक्षणाने आपली कोरडी छिद्रेही नकाशावर ठेवायची असतात. भयकथा या बाबतीत पाणाड्याच्या बाजूची आहे, तिच्यात प्रत्येक संशय खरा ठरतो. म्हणूनच चांगल्या भयकथेत एखादा संशय खोटा ठरायला हवा, असे मला वाटते. वाचकाचा विश्वास त्यानेच बसतो.

सांध्याने जीव घेतल्याचे सर्वांत मोठे उदाहरण आंबेगाव तालुक्यातले. ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीण गावावर मागचा डोंगर आला. दीडशेच्या आसपास माणसे गेली, चाळीसहून अधिक घरे चिखलाखाली गाडली गेली. घटना बाहेर कळली ती रोजच्या रस्त्याने एसटी घेऊन आलेल्या चालकामुळे. गाव जिथे दिसायचे तिथे गाव दिसले नाही. तिथे कोणतीही गुहा नव्हती, दरी फाटली नव्हती, जमिनीने तोंड उघडले नव्हते. उतारावर झिजलेल्या खडकाची जाड माती होती, तिच्याखाली कातळ. सततच्या पावसाने माती पाण्याने गच्च भरली. मातीच्या कणांमधल्या फटीत पाण्याचा दाब वाढला की कण एकमेकांवरची पकड सोडतात. वजन तर पाण्यामुळे वाढलेलेच असते. ज्या तळाला माती टेकलेली असते तोच तळ घसरगुंडी होतो. उतारावर आडव्या भेगा पडणे, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होणे, झाडे आणि खांब कलणे या खुणा पुष्कळदा आधी दिसतात, आणि पुष्कळदा रात्रीच्या पावसात दिसत नाहीत. कारणांवर वाद झाला. पडकई, म्हणजे उतारावर बांध घालून खाचरे करण्याची इथल्या आदिवासींची जुनी सामूहिक रीत, माणसांच्या हातून यंत्रांच्या हाती गेल्याने उताराचे पाय कापले गेले, असे काहींनी म्हटले. इतरांनी पाऊस, उतार आणि मातीची जाडी एवढे पुरेसे होते असे म्हटले. दोन्ही बाजू एका बाबतीत सहमत होत्या: जे घडले ते माती आणि कातळ यांच्या भेटीत घडले. त्यानंतर रायगड जिल्ह्यात २२ जुलै २०२१ ला तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. तिन्ही ठिकाणी महिना जुलैच.

माळीणला भयकथेच्या चर्चेत आणणे हेच काहींना अशोभनीय वाटेल, आणि हा आक्षेप मी हलका मानत नाही. गेलेल्या माणसांच्या घरात शिरून त्यांच्या शेवटच्या रात्रीचे संवाद रचणे हे खरोखरच अशोभनीय आहे. तेवढे दार बंद ठेवावे. पण त्यापुढे जाऊन या यंत्रणेवर, ओल्या मातीच्या सुटत्या पकडीवर, भयाच्या भाषेत कोणी लिहूच नये असे म्हटले, तर ती आठवडाभराच्या बातम्यांपुरती उरते आणि पुढच्या जुलैपर्यंत विसरली जाते. शास्त्रीय अहवाल ती अचूक सांगतो, पण तो कोणाच्या अंगावर काटा आणत नाही, आणि ते त्याचे कामही नव्हे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे उतारांच्या धोक्याचे देशव्यापी नकाशे याच काळात हाती घेतले गेले. नकाशावरचा लाल पट्टा आणि त्या पट्ट्यात झोपणारा माणूस यांच्यामध्ये जे अंतर आहे ते अहवालाने भरत नाही. ‘इथे भूत आहे’ या वाक्याने मराठी मुलखात कित्येक विहिरींवरची मुले दूर ठेवली. त्या वाक्याची जागा घेईल असे काही अजून लिहिले गेलेले नाही.

थरांमध्ये पाण्याखेरीज आणखी एक गोष्ट साठते, काळ. जुन्नर तालुक्यात बोरी येथे कुकडीच्या काठच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर १९८० च्या दशकात अभ्यासकांच्या नजरेस आला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संशोधकांनी, त्यांत शरद राजगुरू, रवी कोरीसेट्टर, शीला मिश्रा यांनी, त्यावर पुष्कळ काम केले. महत्त्व राखेला एकटीला नव्हते. तिच्या सोबतीला असलेल्या गाळात अश्मयुगीन माणसाची अश्युलियन पद्धतीची दगडी हत्यारे होती. राखेचे वय ठरले की हत्यारांचे वय ठरणार, आणि भारतातला माणूस किती जुना याचा एक पक्का खुंटा मिळणार. पहिल्या मोजणीत वय सुमारे १४ लाख वर्षे आले. नंतरच्या दुसऱ्या मोजणीत सुमारे ६.७ लाख. मग राखेतल्या काचकणांची रासायनिक घडण तपासणाऱ्यांनी सांगितले की ही सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीच्या अगदी अलीकडच्या महास्फोटाची राख आहे, म्हणजे वय जेमतेम ७४ हजार वर्षे. तोबा इथून तीन हजारांहून अधिक किलोमीटर दूर. आज पारडे तोबाच्या या धाकट्या स्फोटाकडे झुकलेले आहे, पण तसे मानले की राख आणि हत्यारे यांचे नाते पुन्हा तपासावे लागते: नदीने जुने थर उकरून नव्यावर टाकले का, राख वाहून आली का, हत्यारे वाहून आली का. एकाच थराच्या वयाचे तीन आकडे, आणि पहिल्यात व शेवटच्यात जवळपास एकोणीस पटींचा फरक.

भयकथेने इथे थांबून पाहावे असे मला वाटते, कारण तिचे लाडके सूत्र, ‘गाडलेले वर येते’, बोरीच्या गाळात अक्षरशः घडते, पण फार वेगळ्या रीतीने. नदी जुने उकरून नव्याच्या वर मांडते. जो खाली तो जुना, या साध्या नियमावर आपली सगळी कालगणना उभी असते; तो नियम नदीकाठी बेभरवशाचा होतो. भुताच्या कथेत मृत माणूस आपल्या काळातून निसटून आपल्यात येतो, पण निदान तो कुठल्या काळचा हे कथा सांगते. बोरीच्या राखेने तेही सांगायला अनेक वर्षे नकार दिला. यावर शास्त्राची बाजू घेणारा म्हणेल, मतभेद हा शास्त्राच्या निरोगीपणाचा पुरावा आहे, त्यात भय कसले? मान्य आहे, तो पुरावा आहेच. पण दगडी कुऱ्हाड हातात घेणाऱ्याला ती ७४ हजार वर्षांपूर्वीच्या माणसाची की चौदा लाख वर्षांपूर्वीच्या, आपल्यासारख्या नसलेल्या कुणाची, हे माहीत नसणे ही स्थिती निरोगी असली तरी सुखाची नाही.

मराठी लेखणीला हे सगळे अगदीच परके आहे असे नाही. नारायण धारपांनी (१९२५–२००८) पाश्चात्त्य भयकथेचे साचे मराठी वाड्यांत, चाळींत आणि गावांत आणले. त्यांच्या ‘लुचाई’मागे स्टीफन किंगची व्हॅम्पायर कादंबरी आहे हे वाचकांना ठाऊक आहे, आणि तरीही ती मराठी वाटते. त्यांच्या ‘आजी’ या कथेचा धागा पुढे राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ या २०१८ च्या हिंदी चित्रपटात आला, ज्याचे शीर्षक श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीची आठवण देते. वरवर पाहता ‘तुंबाड’ माझ्या म्हणण्याविरुद्धचा पुरावा आहे: वाड्यातल्या विहिरीखाली पोकळी आणि पोकळीत हस्तर हा शापित देव. पण त्यातले भय नीट तपासले तर ते पोकळीच्या आकारात नाही. ती जागा ओली आहे, लालसर आहे, मांसासारखी मऊ आहे. वर अखंड पाऊस आहे. माणूस आणि खालचा जीव यांच्यामध्ये पिठाच्या रेघेइतके अंतर आहे. गुहेचा खडखडीतपणा तिथे कुठेच नाही. बर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चुनखडकाची गुहा टाकून कोकणातली भिजलेली जमीन घेतली, आणि म्हणूनच तो चित्रपट इतरांपेक्षा अधिक आपला वाटतो.

यावर साहित्याच्या बाजूचा आक्षेप येईल, आणि तो अपेक्षित आहे. कथा भूशास्त्राला बांधील नाही; व्हर्नचा समुद्र अशक्य असूनही पुस्तक टिकले. खरेच आहे. मी कथेकडून खडकाचा दाखला मागत नाही. मी एवढेच विचारतो की भीती वाचकाच्या शरीराला ओळखीची आहे का. जुलैच्या रात्री डोंगराकडे कान लावून पडलेल्या माणसाला चिलखत घातलेल्या भुताच्या तळघरात नेण्यासाठी लेखकाला फार मेहनत घ्यावी लागते. भिंतीच्या बुंध्याशी कालपर्यंत नसलेली ओल दाखवायला एक वाक्य पुरते.

सर्वांत अवघड आक्षेप वेगळा आहे, आणि तो शास्त्रानेच पुरवलेला आहे. भयकथेला हेतू लागतो. कोणीतरी सूड घेतो, कोणाला भूक असते, कोणी शाप दिलेला असतो. भूगर्भाला हेतू नाही. कोयनेच्या परिसरात ११ डिसेंबर १९६७ ला मोठा भूकंप झाला. धरणात पाणी साठू लागल्यापासून तिथे धक्के बसतच राहिले, म्हणून जमिनीखालीच उतरून पाहण्याचे ठरले. कराडला केंद्र सरकारची प्रयोगशाळा उभी राहिली आणि २०१७ मध्ये ३ किलोमीटर खोलीचे छिद्र पूर्ण झाले. सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसॉल्ट संपला आणि त्याखाली थेट अब्जावधी वर्षांचा ग्रॅनाइटी खडक लागला. किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर केलेल्या छिद्रणात बेसॉल्ट अवघा ३३८ मीटर निघाला होता. कोयनेच्या खोल नमुन्यांत सूक्ष्मजीवही सापडले आहेत: सूर्यप्रकाश नाही, अन्न जवळजवळ नाही, आणि तरी जिवंत. पृथ्वीवर इतरत्र अशा खोल जीवांचे विभाजन शतकानुशतकांनी होत असावे असे मानले जाते. खाली काहीतरी जिवंत आहे, ही भयकथेची सर्वांत जुनी कल्पना, शब्दशः खरी निघाली. फक्त त्या जिवंताला आपल्याशी काही देणेघेणे नाही. माळीणच्या मातीलाही नव्हते. मग कथा कशाची?

माझे उत्तर ‘तुंबाड’नेच दिले आहे. हस्तर खाली अडकलेला आहे. लोभ वरून खाली उतरणाऱ्या नायकाचा, विनायकाचा आहे. हेतू खडकात शोधायचा नाही, तो जमिनीवर उभा असतो. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटरहून खोल विहिरींना आडकाठी घातली, आणि तरी उसाच्या, टोमॅटोच्या, द्राक्षांच्या शिवारांत छिद्रे खोल जात राहतात, कारण शेजाऱ्याची आपल्यापेक्षा खोल गेलेली असते. एका सांध्यातले पाणी संपले की खालच्या सांध्यापर्यंत, तोही संपला की त्याच्या खालच्यापर्यंत. यात दुष्ट कोणी नाही. प्रत्येकाचे पीक जळत असते, प्रत्येकावर कर्ज असते, आणि प्रत्येक फूट आधीच्या फुटापेक्षा महाग असतो. जुन्नरच्या भूगर्भावरची भयकथा मानमोडीच्या काळोखात शिरून सुरू व्हायची गरज नाही. ती रात्री शेतात लागलेल्या बोअरच्या गाडीपाशी सुरू होऊ शकते. दोनशे फुटांवर पांढरी कोरडी धूळ उडते आहे, चालक फुटाचा दर सांगतो आहे आणि मालक अजून शंभर फूट जा म्हणतो आहे.